माशांना इंग्रजी कळत नाही

नाहीये म्हटलं ना. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा सांगते – त्या बुधवारची कॅसेट नाहीये. मशीन बंद होतं. आंटी पर्लनेही तुम्हाला हेच सांगितलं असणार, तिनेच तर मला – म्हणजे तिलाही माहितीये, ती होती ना इथे त्या दिवशी. बसा तरी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय, मागच्या महिन्यात पाद्रीबाबा भर मुलाखतीत आडवे झाले आणि त्यांनी काय शिवी हासडली ते अख्ख्या मोलोकाई बेटाने ऐकलं. इकडे बसा, स्टुलावर. बोललात तरी चालेल, माईक बंद आहे, गाणी लागलीयेत, ही बाजू संपायला अजून वीसेक मिनिटं आहेत. मध्ये एकदा मला दोन ओळी बोलायच्यात, तेवढं गप्प बसा.

ओळखलं मी तुम्हाला, आंटी शार्लीन, दारातच ओळखलं. नाक तेच. अंकल हर्मनचं नाक असं दुसऱ्या कुणाचं नाही या बेटावर, आणि तुम्ही ते घेऊन एकोणीस वर्षं लास वेगासच्या वाळवंटात जाऊन बसलात. तिथल्या हॉटेलात चादरी धुता ना? अंकलनेच सांगितलं होतं. रागाने नाही हो सांगितलं, कौतुकाने. एका दिवसात चार हजार चादरी, म्हणायचे, माझी पोरगी एकटी एवढं कापड बघते, तेवढ्यात आपल्या बेटाला शीड लावून ताहितीपर्यंत नेता येईल. असलं बोलायचे. तुम्हाला माहीत असेल. का नसेल?

बरं, राहू दे. तोंड खराब आहे माझं, सगळे म्हणतात. तुम्हाला उद्या धक्क्यावर फुलं सोडताना बाबांचा आवाज लावायचाय, चांगलंय, मी काही नाही म्हणत नाहीये. त्यांच्या बेचाळीस बुधवारच्या बेचाळीस कॅसेट आहेत त्या फळीवर. कुठलीही न्या. सगळ्या न्या. ती खाऱ्या तळ्याची गोष्ट आहे, ती घोड्यावरून पडले ती आहे – आवाज काय सुंदर लागलाय त्यात. पण नाही, तुम्हाला शेवटचीच हवी. कारण दुकानातल्या त्या बाईने सांगितलं की त्या दिवशी रेडिओवर ते फार हसत होते. हसतच असायचे! बेचाळीसही बुधवार हसतायत. शेवटच्या दिवशी माणूस काही वेगळा हसतो का?

तुम्ही गेलात तेव्हा हा रेडिओ नव्हता. ही खोली अननस कंपनीच्या हजेरीची होती, माझी आजी इथे त्या खिडकीशी उभी राहून अंगठा द्यायची. कंपनी गेली, मग काही वर्षं कोंबड्या होत्या, मग हे पाच म्हातारे एकत्र आले आणि म्हणाले आपली भाषा मरतेय, आपली गाणी मरतायत, होनोलुलूचा रेडिओ सारखा गाड्या विकतो, आपण आपला काढू. काढला. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे आम्ही चिकटवले, बरं का, आम्ही पोरांनी. म्हातारे बाहेर आंब्याखाली बसून नाव काय ठेवायचं यावर चार महिने भांडत होते. आंटी पर्ल त्या पाच जणांच्या मंडळाची मुख्य. म्हणजे मालकीण कुणी नाही, पण आहे तीच. रविवारच्या शाळेत तुम्हालाही पट्टी मारली असेल तिने.

आणि मी कावेही. मी शिक्षण सोडलेली. तसंच सांगितलं असेल ना तुम्हाला? 'ती, होनोलुलूहून पळून आलेली.' पळून नाही आले, उठून आले. हवाईयनच शिकायला गेले होते मी, दुसरं काही नाही. आपलीच भाषा फी भरून. आणि तिसऱ्या परीक्षेत तिथल्या मास्तरने – तो कुठला, तर ओहायोचा, चांगला माणूस हो, रोज चप्पल घालून यायचा – माझ्या आजीच्या तोंडचा शब्द लाल शाईने खोडला. हा शब्द कोशात नाही, म्हणाला. मी म्हटलं, आजी पण नाही कोशात. आणि निघून आले. इथे आले तर हे म्हातारे! मी तोंड उघडलं की आंटी पर्ल डोळे मिटून घ्यायची, दाढ दुखल्यासारखी. 'पुस्तकी बोलतेस गं. असं मेलेल्या बायबलसारखं कोण बोलतं?' अगं मग शिकवायचं होतंस ना! यांच्या आईबापांना शाळेत मारलं भाषा बोलली म्हणून, कबूल, वाईट झालं. पण माझ्या आईला कुणी मारलं? तिच्याशी हे लोक घरात इंग्रजी बोलले, चांगली नोकरी लागेल म्हणून, आणि स्वतःची भांडणं आणि प्रेमं काय ती आपल्या भाषेत, दार लावून. आमच्यापर्यंत आली ती फक्त शिव्या आणि भाज्यांची नावं. आणि आता चुका काढतात. स्वतः पेटी समुद्रात टाकायची आणि पोरांनी बुडी मारून एकेक भांडं वर काढलं की म्हणायचं, याला पोचा आलाय.

अंकल तसे नव्हते. एकटेच तसे नव्हते. चूक केली की हसायचे, पण मग बरोबर काय ते दहादा म्हणून दाखवायचे. मला 'प्रोफेसर' म्हणायचे. सगळ्यांसमोर – 'प्रोफेसर, इकडे या, चहा आणा.' दुसरं कुणी म्हटलं असतं तर दात पाडले असते. बुधवारी सकाळी सहाला यायचे, टोपी त्या खिळ्याला लावायचे, आणि वीस मिनिटं वारे सांगायचे. वाऱ्यांची नावं हो. प्रत्येक खोऱ्याचा वारा वेगळा, त्याचं नाव वेगळं, पाऊस वेगळा, त्याचंही नाव वेगळं. कुठला वारा कपडे वाळवतो, कुठला सासू-सुनेत भांडण लावतो, कुठला आला की होडी धक्क्याला बांधून ठेवायची. अख्खं बेट ऐकायचं. मी लिहून घ्यायची, कारण त्यांच्या मागे ते कुणाला येणार होतं? तुम्हाला? तुम्हाला एक तरी नाव येतं?

...हो? कुठलं?

हं. हे मला नव्हतं सांगितलं त्यांनी. परत म्हणा. शेवटचं अक्षर लांब का? – थांबा, थांबा, गाणं संपतंय, गप्प.

अलोहा मोलोकाई, दुपारचे पावणेपाच झालेत. मालाची बार्ज उद्या येणार नाही, परवा येईल, घरातलं दूध पुरवून वापरा. शाळेजवळ एक तपकिरी डुकरीण सापडली आहे, गळ्यात निळी दोरी, ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी, तिने मुख्याध्यापकांची फुलं खाल्ली आहेत. आणि उद्याच्या – उद्याचं पाच वाजता सांगेन. ऐकत राहा.

बघितलंत? इंग्रजीत. नऊ दिवस झाले मी इंग्रजीतच बोलतेय. कुणी सांगितलं नाही मला, माझी मीच. तसं मंडळाचं आधीपासून चाललंच होतं. त्या बुधवारनंतरच्या शनिवारी मत घेणार होते, ते आता पुढच्या शनिवारवर गेलंय – सकाळचा हवाईयन कार्यक्रम कावेहीकडे ठेवायचा की काढायचा. पर्लचं म्हणणं, पोरीने हवामान वाचावं, डुकरं-कुत्री वाचावीत, भाषेला हात लावू नये. तिच्यासकट तीन जण त्या बाजूचे. एक झोपतो. राहिले अंकल.

त्या बुधवारी ती मुद्दाम आली होती, पर्ल. त्या काचेपलीकडे बसली, हाताची घडी घालून. मला ऐकायला. नापास करायला म्हणा ना. अंकलचे वारे सांगून झाले, टोपी घेतली, मी लांब गाणं लावलं आणि दारापर्यंत गेले त्यांच्याबरोबर. ट्रकमध्ये मागे बर्फाची पेटी, गळ, सगळं दिसत होतं. दिसत असलं तरी विचारायचं नसतं, हे तुम्हाला काय सांगायचं – वेगासला जाऊनही हे विसरत नाही कुणी. मासे मारायला चाललो असं म्हणायचं नाही. कुठे जाता असं विचारायचं नाही. विचारलंच कुणी तर 'होलोहोलो', जरा फिरून येतो, बस. शब्द उच्चारला की मासे ऐकतात, आणि शब्द उच्चारला गेला की ज्याने त्याने गळ उतरवायचा, बर्फ ओतून द्यायचा आणि घरी जाऊन झोपायचं. माझे आजोबा एकदा धक्क्यावरून परत आले होते, एका पर्यटकाने नुसतं 'भरपूर मिळो' म्हटलं म्हणून. मी चार वर्षांची असताना मला हे माहीत होतं. चालायला लागायच्या आधी माहीत होतं.

मी काही विचारलं नाही. त्यांनीच डोळा मारला, 'होलोहोलो, प्रोफेसर,' म्हणाले आणि गेले.

मी आत आले. काचेमागे पर्ल. गाणं संपत आलेलं. आणि मला वाटलं आज हिला दाखवतेच. कागद बाजूला ठेवला. कागदाशिवाय बोलले, आंटी, पहिल्यांदा, एक सबंध लांबलचक वाक्य, आपल्या भाषेत, कुठे अडखळले नाही, जिथे ओढायचं तिथे ओढलं, जिथे घशात तोडायचं तिथे तोडलं. माझ्या आजीसारखं आलं ते बाहेर. बोलतानाच मला कळत होतं की हे बरोबर येतंय, अंगावर काटा आला माझ्या. मी म्हटलं – आपल्या वाऱ्यांना ओळखणारे अंकल हर्मन आत्ता धक्क्याकडे निघालेत, मासे धरायला, पैलोलोच्या पाण्यात, त्यांच्या गळाला आज समुद्राने भरभरून द्यावं. आणि मासेमारीचा तो शब्द – लवाइआ – तो तर इतका गोल आला, इतका स्वच्छ.

पर्लने डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवले. मी म्हटलं, जिंकले.

मग कळलं तिचं तोंड का उघडं पडलंय ते.

चार वर्षांत माझं एक वाक्य बरोबर आलं. एक. आणि ते हे.

दोन गाणी लावली मी लागोपाठ. पर्ल आत आली नाही, ओरडली नाही. ओरडायची तिची पद्धतच नाही ना, ती घडी घालून बसते. आणि मग फोन वाजला, धक्क्यावरच्या खांबाच्या फोनवरून, आणि ते हसत होते. दुकानातली बाई खोटं सांगते, रेडिओवर नव्हते हसत तेवढे, फोनवर हसत होते. दम लागेपर्यंत. ट्रकमध्ये रेडिओ चालू होता त्यांचा. 'प्रोफेसर,' म्हणाले, 'व्याकरण अगदी बरोबर होतं हां. शंभरपैकी शंभर.' मी रडायलाच लागले. तर म्हणतात, 'अगं, इंग्रजीत सांगायचंस ना. माशांना इंग्रजी कळत नाही.' – आणि परत ते हसू. त्या हसण्यात मागे धक्क्यावरचा कुत्रा भुंकतो, तुम्ही ऐकलंत तर कळेल, बरोबर तेव्हाच –

काय?

नाही. असंच म्हटलं. ऐकलं असतंत तर, म्हणायचं होतं.

आंटी, असं बघू नका.

...हो. आहे. माझ्या खिशात आहे. नऊ दिवस खिशातच आहे, झोपतानासुद्धा. मशीन बंद नव्हतं, मशीन कधीच बंद नसतं, यांचाच ठराव – जुनी माणसं चाललीयेत, या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द टेप करा, फोनवरचासुद्धा, एक अक्षर वाया जाऊ देऊ नका. आणि तीच पर्ल चौथ्या दिवशी आली, विमानांनी शोधणं थांबवलं त्या दिवशी, आणि मला म्हणाली, 'त्या बुधवारच्या कॅसेटवर दुसरं काहीतरी भर गं. शार्लीन येतेय. तिला कशाला ते.' एवढंच. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि गेली. तिला वाटतं त्याच्यावर माझं ते वाक्यच आहे. फोनवर कोण होतं, काय बोलणं झालं, ते तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिने काचेतून फक्त मला बोलताना बघितलं.

आणि तुम्हाला सांगते, मला कुणी एक शब्द बोललं नाही. सगळ्या बेटाने ऐकलं होतं. शाळेची बस चालवणाऱ्याने, पोस्टातल्या बाईने, तुमच्या चुलतभावांनी – सगळ्यांनी तो शब्द कानांनी ऐकला, आणि संध्याकाळी शेजारच्या लानाई बेटाजवळ रिकामी होडी सापडली, आणि मला कुणी काही बोललं नाही. उलट जेवण आणतात. रोज. कुणीतरी येतं, मला छातीशी धरतं, डबा ठेवतं, निघून जातं. तो बघा ढीग. तारोच्या पानातलं डुक्कर, पोई, केळ्याचा ब्रेड, रताळ्याची खीर, कोंबडीचे तर किती प्रकार. काय नाहीये त्यात? नीट बघा. तुम्ही इथल्याच आहात, दिसेल तुम्हाला.

मासा. नऊ दिवसांत एक मासा नाही. या बेटावर, जिथे बाळाच्या पहिल्या घासाला मासा लागतो, तिथे सत्तावीस घरांतून जेवण आलं आणि एकाने चुकूनसुद्धा मासा दिला नाही. कुणी कुणाशी ठरवलेलं नसणार. प्रत्येक घरात बाईने झाकण लावायच्या आधी विचार केला असणार – हिला नको. हे यांचं बोलणं. असं बोलतात हे! थोबाडात मारा ना. रस्त्यात थुंका माझ्यावर. 'कावेही, तुझ्या जिभेने तो माणूस गेला' – असं एकाने, फक्त एकाने म्हणावं तोंडावर, मी पाय धरीन त्याचे. नाही. डबा. मिठी. डबा. दार लावून भांडणाऱ्या लोकांची दार लावून माफी.

आणि माफी कशाची, तर चुकीची. चुकून गेला हो शब्द पोरीच्या तोंडून, लहान आहे, भाषा कच्ची आहे. भाषा कच्ची! तेवढं एकच पक्कं होतं.

पण आंटी – चूक ती नाहीये. म्हणजे ती आहेच. पण त्यातून वाट होती ना. आपल्याकडे त्याला वाट ठेवलेली आहे – शब्द निघाला, माणूस घरी गेला, संपलं. दुपारी झोपायचं, उद्या जायचं. बर्फ वाया जातो, बाकी काही नाही. ते घरी जाणार होते. म्हणूनच फोन केला होता त्यांनी. हसणं थांबल्यावर म्हणाले, 'आता माझी पंचाईत केलीस बघ. घरी गेलो तर दुकानात सगळे विचारणार, का रे हर्मन, परत का आलास, आणि मला सांगावं लागणार. पर्लला तेवढंच हवंय. शनिवारी तुला ती त्या माईकला शिवू देणार नाही.' मग म्हणाले, 'आणि गेलो, दोन चांगले मासे आणले, तर सगळ्यांची तोंडं बंद. म्हणतील, पोरीने शब्द काढला तरी मासा मिळाला, पोरीची जीभ चांगली आहे.' आणि मग – चेष्टेतच म्हणाले हो, माझ्यावर उपकार करतोय असं न दाखवता – 'सांगा प्रोफेसर. काय करू? घरी जाऊ, की जाऊ?'

चार सेकंद आहेत टेपवर. मी मोजलेत. कुत्रा भुंकतोय, मागे होडीच्या दोराचा आवाज येतोय, आणि चार सेकंद मी काही बोलत नाही.

हवामानाचा कागद माझ्या हातात होता. दहानंतर वारा वाढेल, लहान होड्यांनी जपावं. सहाला मीच वाचला होता तो. घड्याळात सात वाजायला आलेले. त्यांनाही माहीत होतं, वारे त्यांनीच शिकवले मला. पण ते एकाहत्तर वर्षांचे होते, एकटे होते, आणि त्यांनी मला विचारलं. मी काचेतून बघितलं. पर्ल बघत होती. घडी घातलेली. आणि मला एवढंच दिसत होतं, आंटी, तो माईक, आणि ती, आणि शनिवार.

मी म्हटलं, 'जा ना अंकल. काही होत नाही.'

हसत म्हटलं. रडून झाल्यावर आवाज कसा हलका होतो, तसा आहे टेपवर. लाडात आल्यासारखा. ते म्हणाले, 'बरं.' आणि फोन ठेवला.

तेवढंच आहे. 'बरं.' हा तुमच्या बाबांचा शेवटचा आवाज. तुम्हाला हवा होता ना? घ्या. घ्या म्हटलं. हात पुढे करा.

आधी वाऱ्यांची वीस मिनिटं आहेत, ती छान आहेत. मग गाणं, मग माझं ते वाक्य, मग दोन गाणी, मग फोन. उद्या लावायची असेल तर सबंध लावा. कापायची नाही. मी बसून कापून देऊ शकते, येतं मला, पंधरा मिनिटांचं काम आहे, नुसते वारे ठेवीन, कुणाला कळणारसुद्धा नाही. तेच करणार होते मी. तुम्ही दारात आलात तेव्हा ब्लेड हातात होतं माझ्या, ते बघा टेबलावर पडलंय. पर्ल म्हणेल कापा. तिचं ऐकायचं तर ऐका, तुमचे वडील आहेत. पण धक्क्यावर सगळे असतील, सत्तावीसही घरं असतील, आणि ते एकदा ऐकू देत मी काय म्हणाले ते. लवाइआ नाही. दुसरं.

पुढच्या शनिवारी मग मला काढतील. काढू देत. त्या माईकसाठी तर ते गेले. आता तो राखला तरी मी त्याच्यात काय बोलू, सांगा ना. तोंड जवळ नेलं की धातूला माझ्याच श्वासाचा वास येतो.

काही बोला ना. मघापासून मीच बोलतेय.

काय?

...माझं ऐकलं असतं का त्यांनी? 'घरी जा' म्हटलं असतं तर?

हो.

हो, आंटी. तोंडदेखलं सांगू का? दुसऱ्या कुणाचं नसतं ऐकलं, तुमचं तर नसतंच ऐकलं, पण माझं ऐकलं असतं. बर्फ मोरीत ओतला असता, रेडिओ लावून पडले असते, आणि दुपारी फोन करून म्हणाले असते, प्रोफेसर, काय हे, सकाळपासून एकच गाणं तिसऱ्यांदा लावलंस. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही या बेटावर. डबे देतील तुम्हालाही.

टेप संपत आलीय. हा बघा कागद, पाचचं वाचायचं. पर्लने लिहून दिलाय, तिच्या त्या शाळेच्या अक्षरात. 'आपले हर्मन त्या बुधवारी सकाळी फिरायला गेले ते परतले नाहीत. उद्या सकाळी आठ वाजता धक्क्यावर.' फिरायला! मेल्यावरसुद्धा फिरायला. आणि खाली ओळ मारून लिहिलंय, 'आपल्या भाषेत वाच.' एवढं एकच तिने मागितलंय माझ्याकडे. रागाने नाही मागितलं, ते कळतंय मला, म्हणूनच वाचवत नाहीये. तुम्ही समोर असलात तर मुळीच वाचता यायचं नाही. तेव्हा आता तुम्ही –

उठा. फोनवर त्यांना म्हटला तो शब्द परत माझ्याकडून म्हणवून घेऊ नका, प्लीज, नुसतं उठा. कॅसेट नीट धरा, उन्हात ठेवू नका. दार हळू ओढून घ्या, कडी वाजते, ती माईकवर –

माईकचा लाल दिवा लागला.